‘सर, माझ्याजवळ पिस्तूल आहे’: फिलँडो कॅस्टील प्रकरण

६ जुलै २०१६. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराला अगदी खेटून फाल्कन हाइट्स नावाचं छोटं उपनगर आहे. तिथल्या लार्पेंटर अ‍ॅव्हेन्यूवरून १९९७ सालची एक जुनी ओल्ड्समोबिल चालली होती, आणि मागे सेंट अँथनी पोलिसांची गाडी होती. गाडी थांबवण्याआधीच जेरोनिमो यानेझ हे अधिकारी वायरलेसवर सहकाऱ्याला सांगत होते, की आतले दोघं लुटीतल्या संशयितांसारखे दिसतायत. चालक तर जास्तच, कारण त्याचं नाक रुंद आहे. चार दिवसांपूर्वी त्याच भागातलं एक दुकान लुटलं गेलं होतं. संशयाचा आधार एवढाच: नाक.

खिडकीपाशी गेल्यावर मात्र यानेझ यांनी नाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुमच्या गाडीचा ब्रेक लाइट गेलाय, असं ते म्हणाले. लायसन्स आणि विम्याचा कागद मागितला. चालकाने विम्याचा कागद दिला. पुढचं संभाषण पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात नोंदलं गेलंय.

‘सर, तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ पिस्तूल आहे.’

‘बरं. मग त्याला हात लावू नका.’

‘मी फक्त...’

‘बाहेर काढू नका!’

‘मी काढत नाहीये.’

‘तो काढत नाहीये,’ असं शेजारच्या सीटवरची बाईही सांगते. त्याच क्षणी गोळ्या सुटतात. सात गोळ्या. पाच लागल्या, त्यातल्या दोन हृदयात. खिडकीशी बोलणं सुरू झाल्यापासून मिनिटभरही झालं नव्हतं. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती.

फिलँडो कॅस्टील ३२ वर्षांचे होते. पुढच्या अर्ध्या तासात हेनेपिन काउंटीच्या रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आलं.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे मी हे प्रकरण ठेवतो तेव्हा व्हिडिओ दाखवत नाही. संभाषण कागदावर लिहून देतो आणि एकच काम सांगतो: बातमीचं पहिलं वाक्य लिहा. मेलेल्या माणसाची ओळख एका शब्दात करून द्यायची आहे. ‘कृष्णवर्णीय’? ‘शस्त्रधारी’? ‘शाळेतला कर्मचारी’? ‘वाहनचालक’? चारही शब्द खरे आहेत आणि प्रत्येकाने बातमी वेगळ्या दिशेला जाते. हा खेळ वाटतो, पण पुढचं सगळं प्रकरण याच एका शब्दाभोवती फिरलेलं आहे.

आधी कायद्याचं बघू.

कॅस्टील यांच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा अधिकृत परवाना होता. मिनेसोटात २००३ च्या कायद्यानंतर वयाची अट पूर्ण करणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या आणि पार्श्वभूमी तपासणीत अडकत नसलेल्या माणसाला शेरीफने (काउंटीच्या पोलिस प्रमुखाने) परवाना द्यावाच लागतो. आपल्याकडे बंदुकीच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांना गरज पटवून द्यावी लागते आणि तरी तो मिळेलच असं नाही. तिथे उलटं आहे. नाकारायचा असेल तर कारण सरकारने द्यायचं. त्याच्यामागे शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात दिलेला निकाल, ज्याने स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला. २०२२ च्या ब्रुएन निकालाने हा हक्क घराबाहेरही नेला.

आता एक बारीक गोष्ट. काही राज्यांत पोलिसाने थांबवलं तर शस्त्र असल्याचं आपण होऊन सांगावं लागतं. मिनेसोटात नाही. तिथे पोलिसाने विचारलं तर शस्त्र आहे की नाही ते सांगायचं, परवाना आणि ओळखपत्र दाखवायचं, एवढीच सक्ती. म्हणजे कॅस्टील गप्प बसले असते तरी कायद्याचा भंग झाला नसता. ते बोलले, कारण बोलणं सभ्यपणाचं आणि सुरक्षित समजलं जातं. अचानक पिस्तूल दिसून अधिकारी दचकू नये, म्हणून आधी सांगावं, असं परवानाधारकांना सगळीकडे शिकवतात. त्यांनी ‘सर’ म्हणून सांगितलं. तेच अंगावर आलं.

शिवाय त्यांच्यापुढे दोन हुकूम होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध होते. आधीचा: लायसन्स दाखवा. नंतरचा: हात लावू नका. लायसन्स पाकिटात आणि पाकीट खिशात असेल तर हात कुठे न्यायचा? स्टिअरिंगवरून हात हलवायचा नाही, हे मोकळं वाक्य यानेझ यांनी कधी उच्चारलंच नाही. अमेरिकेत राहणारी आपली माणसं नव्याने गाडी शिकणाऱ्या मुलांना सांगतात: पोलिसाने थांबवलं की आतला दिवा लाव, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, विचारल्याशिवाय डॅशबोर्डचा कप्पा उघडू नकोस. सल्ला चांगलाच आहे. पण पोलिसानेच कागद मागितल्यावर पुढे काय करायचं, याचं उत्तर त्या सल्ल्यात नाही.

गोळ्या सुटल्यावर लगेच शेजारच्या सीटवरच्या, कॅस्टील यांच्या मैत्रीण डायमंड रेनॉल्ड्स यांनी फोन उचलून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. शेजारी कॅस्टील रक्तात माखून मागे रेललेले, खिडकीत अजून रोखलेलं पिस्तूल, आणि त्या विलक्षण शांत आवाजात बोलतात. ‘तुम्ही त्याला चार गोळ्या घातल्या, सर. तो फक्त लायसन्स काढत होता, सर.’ चार नव्हे, सात होत्या. मोजायची ती वेळ नव्हती. बाहेरून यानेझ यांचा फाटलेला आवाज येतो: हात लावू नका म्हणून मी सांगितलं होतं. जवळपास दहा मिनिटं हे चाललं. व्हिडिओ मध्येच फेसबुकवरून गायब झाला, मग परत आला. तांत्रिक बिघाड, असं कंपनीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो जवळपास पंचवीस लाख वेळा पाहिला गेला होता.

त्या ‘सर’वर पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र नंतर उघड झालेल्या दुसऱ्या चित्रफितीतला तुकडा जास्त छळतो. रेनॉल्ड्स यांना बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवलेलं आहे. गुन्हा काही नाही. त्या ओरडायला लागतात आणि चार वर्षांची मुलगी म्हणते, आई, शिव्या देऊ नकोस ना, ओरडू नकोस ना, तुला गोळी घालतील. चार वर्षांच्या पोरीने मिनिटभराच्या प्रसंगातून पोलिसांच्या कामाची पद्धत काढली होती.

माध्यमांना कॅस्टील सापडले ते या व्हिडिओमुळे. मग ते कोण, याचा शोध सुरू झाला. सेंट पॉलमधल्या जे. जे. हिल माँटेसरी शाळेच्या कँटीनचे ते पर्यवेक्षक होते. २००२ पासून शाळांच्या अन्न विभागात नोकरी. मुलं त्यांना ‘मिस्टर फिल’ म्हणत. शाळेत पाचशेच्या आसपास मुलं. त्यांची नावं तर त्यांना पाठ होतीच, पण कोणाला दूध चालत नाही, कोणाला शेंगदाणा चालत नाही, हेही. अमेरिकेतल्या शाळांत तेव्हा जेवणाच्या रांगेत शेवटी खात्याचा आकडा टाकावा लागे आणि खात्यात पैसे नसले तर पोराची पंचाईत होई. अशा वेळी मिस्टर फिल स्वतःच्या खिशातून पैसे भरत, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं.

हे सगळं खरं होतं आणि छापायलाच हवं होतं. तरी ते वाचताना मला एक अस्वस्थपणा येतो. जणू कॅस्टील निर्दोष ठरायला आधी ते चांगले ठरायला हवे होते. मुलांची नावं विसरणारा, तुसडा, कर्जबाजारी माणूस त्या सीटवर असता तर सात गोळ्या रास्त झाल्या असत्या का? दोन वर्षांपूर्वी फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने तो ‘काही देवदूत नव्हता’ असं लिहिलं होतं. खूप टीका झाली आणि वाचकांच्या तक्रारी पाहणाऱ्या त्यांच्याच संपादकांनी ती शब्दयोजना चूक ठरवली. पण देवदूत आणि गुंड एवढ्या दोनच खुर्च्या मांडण्याची सवय गेली नाही. कॅस्टील यांना पहिली मिळाली, हा त्यातल्या त्यात सुदैवाचा भाग.

तीही धड टिकली नाही. समाजमाध्यमांवर लगेच सुरू झालं, की परवाना नव्हताच, हा दुकान लुटणाराच होता. परवाना खरा निघाला. लुटीशी त्यांचा संबंध असल्याचा पुरावा कधीच आला नाही. मग शवविच्छेदनात गांजाचा अंश मिळाला आणि बचाव पक्षाला हत्यार सापडलं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी तपास यंत्रणेला जबाब देताना यानेझ स्वतःच म्हणाले होते, की गाडीत गांजाचा वास आला. लहान मुलीसमोर गांजा ओढायची ज्याची हिंमत होते, तिच्या जिवाची ज्याला पर्वा नाही, त्याला माझी काय पर्वा असणार, असं आपल्याला वाटलं, हेही त्यांनीच सांगितलं. वासावरून चारित्र्य, चारित्र्यावरून हेतू, हेतूवरून चाप. ही साखळी आरोपीने स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती ऐकून सरकारी वकिलांनी आरोप ठेवले आणि तीच ऐकून ज्यूरीने त्यांना सोडलं.

इथे थोडं मराठीबद्दल. इंग्रजीत ‘ही’ (he) म्हटलं की पोलिसही आला आणि मेलेलाही. आपल्याला तशी सोय नाही. ‘अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्यात तो ठार झाला’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रात इतकं सहज येतं, की कोणाला ‘ते’ मिळालं आणि कोणाला ‘तो’, हे डोळ्यांना दिसतही नाही. वर्गात दहातली आठ पोरं असंच लिहितात, त्यात सहानुभूती असलेलीही. ‘चकमकीत ठार’ हा शब्दप्रयोग तर चौकशीआधीच निकाल देऊन मोकळा होतो. अमेरिकी पोलिसांचं याच्याच तोडीचं पत्रकी इंग्रजी म्हणजे ‘ऑफिसर-इन्व्हॉल्व्ड शूटिंग’, म्हणजे अधिकाऱ्याचा ज्यात संबंध आला असा गोळीबार. कोणी झाडली, हे गाळून. या लेखात मी कॅस्टील आणि यानेझ दोघांनाही ‘ते’ म्हटलंय. काहींना ते खटकेल.

बंदुकीच्या हक्कासाठी झटणाऱ्यांनी काय केलं, हा या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ही अमेरिकेतली सर्वांत बलाढ्य शस्त्रवादी संघटना. परवाना घेतलेला, नम्रपणे माहिती देणारा, गाडीत पोर असताना मारला गेलेला माणूस: त्यांच्या बोधचिन्हावर छापावा असा बळी. दोन दिवसांनी निवेदन आलं. बातम्या चिंताजनक आहेत, सखोल चौकशी व्हावी, सगळी माहिती हाती आल्यावर आम्ही आणखी बोलू. त्यात कॅस्टील यांचं नाव नव्हतं. माहिती हाती आली, खटला झाला, निकाल लागला, संघटना गप्पच. वर्षभराने, टीका वाढल्यावर, प्रवक्त्या डेना लोश यांनी ही टळू शकणारी शोकांतिका होती असं म्हटलं आणि पुढे जोडलं, की त्यांच्याजवळ एकाच वेळी अमली पदार्थ आणि शस्त्र होतं, जे बेकायदा आहे. कायद्याच्या कागदावर त्यांचं बरोबर आहे. अमली पदार्थ घेणाऱ्याने शस्त्र बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हाच आहे. पण गांजा ओढणारा गोरा शिकारी त्यांनी कधी असा हुडकून काढलेला मला आठवत नाही. संघटनेशी जोडलेले कृष्णवर्णीय भाष्यकार कॉलियन नुआर यांनी मात्र निर्दोष सुटका चुकीची आहे, असं उघड लिहिलं.

घटनेच्या दुसऱ्याच रात्री, ७ जुलैला, डॅलसमध्ये या आणि बॅटन रूजमध्ये पोलिसांच्याच गोळीने मेलेल्या ऑल्टन स्टर्लिंग यांच्या मृत्यूच्या निषेधार्थ मोर्चा निघाला होता. एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केलं. कॅमेरे साहजिकच तिकडे वळले. त्या गोंधळात डॅलस पोलिसांनी मोर्चातल्या एका कृष्णवर्णीय माणसाचा फोटो ‘संशयित’ म्हणून प्रसिद्ध केला. त्याच्या खांद्याला रायफल होती आणि टेक्सासात ती उघडपणे बाळगणं कायदेशीर आहे. आपलाच फोटो फिरतोय हे कळल्यावर तो स्वतः पोलिसांकडे गेला, रायफल सोपवली, चौकशीनंतर सुटला. फोटो त्यानंतरही कितीतरी तास फिरत होता.

१६ नोव्हेंबर २०१६ रोजी रॅम्झी काउंटीचे सरकारी वकील जॉन चोई यांनी यानेझ यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा आणि गाडीतल्या दोघींचा जीव धोक्यात घालण्याचे आरोप ठेवले. मिनेसोटात पोलिसावर गोळीबारासाठी असा खटला आधुनिक काळात पहिलाच. १६ जून २०१७ ला, पाच दिवसांच्या खलबतांनंतर, बारा जणांच्या ज्यूरीने त्यांना सगळ्या आरोपांतून मुक्त केलं. बारांत दोघे कृष्णवर्णीय होते.

निकाल ऐकून लोक हतबुद्ध झाले, पण कायदा वाचलेल्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. पोलिसी बळाच्या मोजमापाची फूटपट्टी १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालातून आली. त्या क्षणी, त्या जागी, एखाद्या समंजस अधिकाऱ्याला बळ वापरणं रास्त वाटलं असतं का, एवढंच पाहायचं; मागाहून शहाणपण लावायचं नाही. (हा ग्रॅहम मधुमेही होता. साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग पाहून घाईने बाहेर पडला, तेवढ्यावरून पोलिसाला संशय आला आणि झटापटीत त्याचा पाय मोडला.) फूटपट्टी भीतीची आहे, वस्तुस्थितीची नाही. पिस्तूल प्रत्यक्ष बाहेर निघालं का, यापेक्षा निघतंय असं अधिकाऱ्याला वाटणं रास्त होतं का, हा प्रश्न. ‘मी मरणार असं मला वाटलं,’ असं यानेझ साक्षीत म्हणाले. पिस्तूल खिशात होतं आणि चेंबरमध्ये गोळी नव्हती. पहिल्या जबाबात यानेझ यांनी पिस्तूल दिसल्याचं ठामपणे म्हटलं नव्हतं आणि साक्षीत म्हटलं, याकडे सरकारी वकिलांनी बोट दाखवलं. तरी बारा जणांना ‘संशयापलीकडे’ जाता आलं नाही.

ही भीती आपोआपही उगवत नाही. यानेझ यांनी २०१४ मध्ये ‘बुलेटप्रूफ वॉरियर’ नावाचं वीस तासांचं प्रशिक्षण घेतलं होतं. प्रत्येक थांबवलेली गाडी हा संभाव्य हल्ला आहे, अशी दृष्टी देणारे असे वर्ग अमेरिकेत धंद्यासारखे चालतात. दोन माणसं त्या रात्री समोरासमोर आली. एकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्याने दिला होता आणि दुसऱ्याला त्या शस्त्राची भीती, तीही सरकारी पैशाने.

गाडी थांबवणं हा तर त्यातला सर्वांत नेहमीचा भाग. सार्वजनिक रेडिओने कागद काढून पाहिले, तर १९ व्या वर्षापासून कॅस्टील यांना किमान ४६ वेळा थांबवलं होतं. त्यातल्या फक्त सहा वेळा कारण असं होतं, जे पोलिसाला गाडीबाहेरून दिसू शकलं असतं. बाकी किरकोळ: विम्याचा कागद नाही, लायसन्स निलंबित. दंड भरला नाही म्हणून लायसन्स जायचं, लायसन्स नाही म्हणून पुन्हा दंड. सहा हजार डॉलरच्या वर. कँटीनच्या पगारात. १९९६ च्या व्हेरन निकालानंतर पोलिसाच्या मनातलं खरं कारण काहीही असो, वाहतुकीचा बारीकसा भंग दाखवता आला की थांबवणं वैध. रुंद नाकाला ब्रेक लाइटचं पांघरूण घालता येतं ते असं.

खटल्यात ज्यूरीला दाखवलेली पोलिसी चित्रफीत लोकांना पाहायला मिळाली ती निकालानंतर चार दिवसांनी, २० जूनला. तोवर मत सांगून काही उपयोग उरला नव्हता. सेंट अँथनीने विम्यातून आई व्हॅलरी कॅस्टील यांच्याशी २९ लाख ९५ हजार डॉलरवर तडजोड केली. यानेझ यांना ४८,५०० डॉलर देऊन नोकरीतून निरोप दिला.

त्याच उन्हाळ्यात, निकालाला महिना होण्याच्या आत, शेजारच्या मिनियापोलिसात जस्टिन डेमंड या ऑस्ट्रेलियन बाई पोलिसाच्या गोळीने मेल्या. घरामागे आरडाओरड ऐकून त्यांनीच पोलिसांना बोलावलं होतं. त्या गोऱ्या, गोळी झाडणारे मोहम्मद नूर सोमाली वंशाचे. पोलिस प्रमुखांना आठवड्याभरात पद सोडावं लागलं. नूर २०१९ मध्ये दोषी ठरले आणि शहराने कुटुंबाला दोन कोटी डॉलर दिले. खून ठरवणारा भाग नंतर वरच्या न्यायालयाने काढून टाकला, शिक्षा कमी झाली. छोटं उपनगर आणि मोठं शहर यांच्या तिजोऱ्या सारख्या नसतात, पुरावेही वेगळे होते, हे धरलं तरी दोन्ही बातम्यांची पहिली वाक्यं शेजारी ठेवून पाहावीत. डेमंड यांच्या बाबतीत ‘निष्पाप’ सिद्ध करायला कोणालाही शाळेत जाऊन मुलांशी बोलावं लागलं नाही.

जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, मिनेसोटाने ‘वॉरियर’ धाटणीच्या पोलिसी प्रशिक्षणावर बंदी घातली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच जॉन चोई यांनी जाहीर केलं, की सुरक्षेशी संबंध नसलेल्या किरकोळ कारणासाठी गाडी थांबवून जे गंभीर गुन्हे सापडतील, ते माझं कार्यालय सहसा न्यायालयात नेणार नाही. ब्रेक लाइटसाठी पाच वर्षं लागली. आणि मे २०२४ मध्ये फ्लोरिडात हवाई दलाचा तेवीस वर्षांचा जवान रॉजर फोर्टसन याने स्वतःच्या घराचं दार उघडलं, हातात जमिनीकडे रोखलेलं कायदेशीर पिस्तूल घेऊन. काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. तो वाचला नाही.

हो, इथे मी ‘याने’ लिहिलं. वय तेवीस म्हणून लिहिलं असं मी स्वतःला सांगितलं आणि वाक्य दुरुस्त न करता तसंच ठेवलंय. पुढच्या वेळी वर्गात तेही दाखवीन.

२०१९ मध्ये व्हॅलरी कॅस्टील यांनी मुलाच्या नावाच्या संस्थेकडून एका हायस्कूलला आठ हजार डॉलरचा धनादेश दिला. शेवटच्या वर्गातल्या मुलांची जेवणाची उधारी होती. ती फिटली.